जप्तीतलं यीस्ट

गिरजाबाईच्या नाकाला चिचटोल्यात जेवढा मान होता तेवढा सरपंचालाही नव्हता. दारू गाळायच्या आधी मोहफुलं मडक्यात कुजत घालतात, त्याला सडवा म्हणतात. हा सडवा कोणी तणसाच्या ढिगाखाली पुरो, शेणखताच्या खड्ड्यात लपवो की तलावाच्या गाळात दडवो, गिरजाबाई वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची, पदर सारखा करायची आणि सरळ त्या जागी चालत जायची. मागून महिला मंडळाच्या बायका काठ्या घेऊन. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी होऊन दहाएक वर्षं झाली होती. कागदावर ती सरकारनं केली असेल, पण चिचटोल्यात ती या नाकानं केली असं म्हटलं तर सरकारलाही राग येऊ नये.

मंडळाची अध्यक्ष म्हणून तिचा नियम एकच होता. मडकं कोणाचं ते विचारायचं नाही, समाजमंदिरासमोर आणायचं आणि फोडायचं. सख्खा दीर सुकलू, त्याचंही मडकं तिनं भर दुपारी असंच फोडलं होतं. तेव्हापासून सुकलू वहिनीशी बोलत नव्हता. म्हणजे तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात दुसऱ्यांशी तिच्याबद्दल बोलायचा. नवरा वारलू तलावावर मासे धरायचा आणि या दोघांच्या मधे पडायचं टाळायचा. शहाणा माणूस होता.

मुलगी रंजीता चंद्रपूरला कॉलेजात होती. एम.एस्सी. झाल्यावर तिथल्याच एका मॅडमच्या हाताखाली संशोधन करायची. कोणी विचारलं तर गिरजाबाई सांगायची, "माही पोट्टी शोध लावून राह्यली."

"कायचा वं?"

"लागला का सांगीन."

खरं म्हणजे तिला ठाऊक नव्हतं. पोरीनं एकदोनदा सांगितलं होतं, पण त्यात इंग्रजी इतकं होतं की गिरजाबाईनं मान डोलावून विषय मासोळीच्या कालवणावर नेला होता.

त्या वर्षी मे महिन्यात चंद्रपूर असं तापलं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरात येऊ लागलं. रंजीता अचानक घरी आली. चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनावर गाडीत बसली, वडसा स्टेशनावर उतरली आणि तिथून जीपमध्ये कोंबून घेत गावात पोचली. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक डबा. आल्या आल्या तिनं आधी तो डबा स्वयंपाकघरातल्या रांजणामागे ओल्या रेतीत ठेवला, मग पाणी प्यायली.

"फ्रिज जळला कॉलेजातला," एवढंच ती म्हणाली आणि जेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंजीता बाबांबरोबर तलावावर गेली. गिरजाबाई चुलीशी आंबील ढवळत होती. ढवळता ढवळता तिचा हात थांबला.

वास येत होता. फार बारीक, पण तोच. मोहाचा, आंबटगोड, नुकता उमलू लागलेला. आधी तिला वाटलं बाहेरून येतोय. ती दारात गेली, तिथे नव्हता. परसात गेली, तिथे नव्हता. ती परत आत आली आणि वाऱ्याकडे तोंड करायची गरजच पडली नाही. वास रांजणामागून येत होता.

डब्यात काचेच्या बोटभर बाटल्या होत्या. तोंडाला कापसाचे बोळे. तळाशी काहीतरी गोठलेलं, मोहाच्या रंगाचं, आणि त्यावर पांढुरक्या साईसारखा थर. सगळ्यांच्या गळ्यात पांढरा धागा, एकीच्या मात्र लाल.

गिरजाबाई डब्याशेजारीच खाली बसली. साऱ्या गावाचे सडवे हुडकले आणि आता स्वतःच्या रांजणामागे! तिच्या मनात एकदम आलं की पटकन नेऊन तलावात टाकावं, कोणाला कळणार आहे? आणि नेमकी तेव्हाच दारातून हाक आली, "गिरजाबाई, सूप हाये का वं?"

ती रुखमाबाई होती. मंडळाची उपाध्यक्ष. हिचा नवरा डोमा दारूपायी गेला होता, आणि मडकी फोडताना हिची काठी सगळ्यांच्या आधी पडायची. रुखमाबाई आत आली, सूप घ्यायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. गिरजाबाईइतकं नाही, पण तिचंही नाक काही कमी नव्हतं.

"बाई," ती हळूच म्हणाली, "तुह्या घरी?"

आता लपवणं गेलं. गिरजाबाई उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "संध्याकाळी बैठक लाव. डबा मीच घेऊन येते."

संध्याकाळी समाजमंदिरासमोर सगळा गाव. एरवी बैठकीला बायका गोळा करता करता दमछाक व्हायची, त्या दिवशी बोलावणं न जाताच पुरुषही आले. सुकलू तर पुढच्या रांगेत, लग्नाला आल्यासारखा धुतलेला सदरा घालून.

डबा मधे ठेवला होता. रंजीता डब्याशेजारी उभी. गिरजाबाई समोर काठी घेऊन उभी. पोरीनं काहीतरी खोटं सांगावं, औषध आहे म्हणावं, असं तिला एकीकडे वाटत होतं. तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

"ह्या डब्यात काय हाये?" तिनं विचारलं.

"यीस्ट," रंजीता म्हणाली. "दारू नोहोय. पण मोहाची दारू करणारा जीव हाच."

एकच गलका झाला. सुकलूनं मांडीवर थाप मारली. रुखमाबाईची काठी वर गेली. गिरजाबाईला मात्र, कसं कोण जाणे, त्या गलक्यात पोरीचा अभिमान वाटून गेला. लबाड बोलली नाही.

"पुरं ऐका त खरं," रंजीता म्हणाली. "हा जीव डोळ्याले दिसत नाई एवढा बारीक. आपल्याच आखरातल्या, ढोरं बसतात तिथल्या, मोहाच्या फुलावरून मी नेला. ह्याले एकदम जोराची गरमी दिली त मरते. पण पयले थोडी गरमी दिली, अन् मंग जोराची दिली, त जगते. अंदरून तयारी करून घेते. ही तयारी कर म्हणून त्याच्या अंदर हुकूम लिहून असते, त्याले जीन म्हणतात. असे हजारो हुकूम हायेत. गरमीचा कोणता, हे मले पाह्याचं होतं. म्हणून मी एकाचा एक हुकूम बंद केला. ते हे, लाल धाग्याचं. बाकीचे तयारी करतात, ह्याले करताच येत नाई. थोडी देऊन मंग जास्त द्या, तरी मरते."

"मंग ठेवते कायले मरतुकड्याले?" कोणीतरी विचारलं.

"त्याच्याच्यानं त समजलं ना का हुकूम तोच होता म्हणून! आपल्या अंगातही असेच हुकूम हायेत. उन्हात रोवणी करते त्या बाईच्या, धानाच्या, सगळ्यायच्या. माणसाचा हुकूम बंद करून पाहता येत नाई. म्हणून ह्याचा पाह्यला." तिनं ती बाटली वर धरली. "ह्याची दुसरी बाटली फ्रिज जळला तवा कॉलेजात मेली. ही एकच उरली. हे मेलं त माही दोन वर्षाची मेहनत गेली. पुढचं शिकणंही जाईल."

गर्दीनं पुरं ऐकून घेतलं. पण समजलं कोणाला होतं, हा प्रश्नच होता. गिरजाबाई मात्र काठी टेकून विचारात पडली होती. आयुष्यात पहिल्यांदाच पोरीचं बोलणं तिच्या डोक्यात कुठेतरी जाऊन बसलं होतं.

"पावसाळ्यात मासोळीचं बीज येते आपल्याकडे," ती हळूहळू म्हणाली. "पिशवीत. ते आल्या आल्या पिशवी फाडून तलावात टाकतो का आपण?"

"नाई," मासे धरणाऱ्या धिवरांच्या बायका एका सुरात म्हणाल्या. "पिशवी पयले तरंगत ठेवा लागते."

"काऊन?"

"पाणी पाण्याले सारखं होऊ दे म्हणून. नाई त पटापट मरतात."

"मंग? तेच म्हणून राह्यली पोट्टी. पिशवीत राहून बीज तयारी करते. अन् हे लाल धाग्याचं असं बीज हाये का पिशवी दिवसभर तरंगत ठेवा, त्याले फायदाच नाई."

बायकांच्या माना हलल्या. रंजीता आईकडे बघतच राहिली.

"लय छान," सुकलू मोठ्यानं शेजाऱ्याला म्हणाला. "आमच्या मडक्यात बी असेच जीव होते गा. त्यायचा कोणी विचार नाई केला!"

लोक हसले. गिरजाबाईलाही ते लागलं, कारण खोटं नव्हतं. रुखमाबाई पुढे सरसावली. "सुकलूभाऊ बरोबर बोलते. तुहाच नियम हाये, बाई. कोणाचं ते पाह्याचं नाई. माह्या माणसाले ह्याच जीवानं खाल्लं. फोड."

गिरजाबाईनं काठी उचलली. पोरीनं डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात मागून म्हाताऱ्या सोमारीचा आवाज आला, "अवं, त्या काळ्या गुळाचं काय केलं होतं आपण?"

काळ्या गुळाची गोष्ट सगळ्यांना आठवली. मागं एका दुकानदाराकडे काळा गूळ सापडला होता. तो म्हणे बैलांना घालायला आणलाय. बायका म्हणे दारूला. निकाल लागेना, तेव्हा मंडळानं पोतं जप्त करून ठेवलं होतं आणि चौकशीअंती परत केलं होतं. म्हणजे फोडणं आणि सोडणं यांच्यामधे मंडळाकडे तिसरीही सोय होती.

"जप्ती!" गिरजाबाई एवढ्या जोरात म्हणाली की दोन बकऱ्या उठून पळाल्या. "ह्या पोट्टीच्या कॉलेजात नवा फ्रिज येईपर्यंत माल मंडळाच्या जप्तीत राहीन. मंग बैठक बसून ठरवू."

"अध्यक्षाच्या घरी नाई," रुखमाबाई म्हणाली. "माह्या घरी राहीन."

गुळाचं पोतंही तिच्याच घरी होतं. गिरजाबाईनं पोरीचा जीव की प्राण असलेला डबा त्या बाईच्या हाती दिला, जिनं गावात सगळ्यात जास्त मडकी फोडली होती. त्या संध्याकाळी घरात चूल पेटली, पण कोणी धड जेवलं नाही.

रंजीतानं रुखमाबाईला सगळं दाखवून दिलं. बाटल्या डब्यातून काढून मडक्यात, मडकं ओल्या रेतीत ठेवायचं, वरून ओलं फडकं, फडकं वाळू द्यायचं नाही. "काकू, बाकीचे एखाद्या वेळेस सोसून घेतील. लाल धाग्याले नाई सोसणार," तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. रुखमाबाई तोवर ओसरी झाडत राहिली. मग फ्रिजच्या मागे लागायला रंजीता चंद्रपूरला निघून गेली.

नंतरचे दिवस गावानं मजेत घालवले. विहिरीवर भेटली की बाई बाईला विचारायची, "कशी हाये वं लाल धागावाली?" बायकांनी फडकं भिजवायच्या पाळ्या लावून घेतल्या. ज्या बायकांनी जन्मभर हा जीव मडक्यासकट मातीत मिळवला, त्याच आता घागरीनं पाणी आणून त्याला निववत होत्या. फक्त गिरजाबाईला आत जायला बंदी. "तुही पोट्टी हाये," रुखमाबाई दारातूनच सांगायची. "तपासणीले तू नोको येऊ." गिरजाबाई बाहेरूनच नाक लावायची. बारीक वास आला की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचं हसूही यायचं.

मग आरमोरीकडचं लग्न निघालं. रुखमाबाईच्या बहिणीची मुलगी. आळीच्या आळी ट्रॅक्टरमध्ये बसून सकाळीच निघून गेली. वारलूला ताप होता म्हणून गिरजाबाई राहिली. पाळी सोमारीची असेल असं तिनं धरलं होतं. दुपारी उन्हाची झळ घरात शिरू लागली तेव्हा तिनं सहज सोमारीच्या घराकडे पाहिलं. दाराला कडी. म्हातारीसुद्धा लग्नाला गेली होती.

मग मात्र गिरजाबाईनं नियम गुंडाळून ठेवला. घागर उचलली आणि रुखमाबाईच्या दाराची कडी काढून आत शिरली.

रेती कोरडी ठणठणीत. फडकं वाळून पापडासारखं कडक. मडक्यात हात घातला तर बाटल्या कोमट लागल्या. तिनं एकेक काढून पदरावर ठेवली. पांढरा धागा, पांढरा, पांढरा. पुन्हा मडक्यात हात फिरवला. रेती उकरली. फडताळ बघितलं, खाटेखाली बघितलं. लाल धागा कुठेच नव्हता.

तिला सगळं स्वच्छ कळलं. रुखमाबाईनं फोडली. सगळा गाव बाहेर जाणार, हे बघून डाव साधला. नवऱ्याचा सूड घेतला बाईनं, आणि घेतला तो कोणावर, तर माझ्या लेकीवर! राग आला, मग रागाच्या जागी रडूच कोसळलं. उरलेल्या बाटल्यांवर तिनं फडकं भिजवून घातलं आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून ती मोकळी रडली. रंजीता दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होती. तिला काय सांगायचं?

सुकलू तिकडून चालला होता. तो थांबला. इकडेतिकडे पाहिलं, बोलायला तिसरं माणूसच नव्हतं, तेव्हा नाइलाजानं थेट वहिनीशीच बोलला.

"काऊन रडून राह्यली, वहिनी?"

"रुखमाबाईनं लाल धागावाली फोडली, भाऊजी."

सुकलूनं डोकं खाजवलं. "मले बी मडकं फोडलं तवा असंच वाटलं होतं," तो म्हणाला. पण लगेच आत गेला, घागर घेतली आणि विहिरीवरून भरून आणून रेतीवर ओतली. मग तोही उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसला, ट्रॅक्टरची वाट बघत.

दिवस कलला तेव्हा ट्रॅक्टर आला. बायका गाणी म्हणत उतरल्या. सगळ्यांत शेवटी रुखमाबाई, बाहीला हळद लागलेली, एक हात पदराखाली. ती खाली पाय टेकवते न टेकवते तोच गिरजाबाई समोर.

"कुठी फोडली?"

"काय कुठी फोडली?"

"लाल धाग्याची! भोळी नोको बनू. मी मडकं पाह्यलं."

रुखमाबाईनं तिच्याकडे खुळ्यासारखं पाहिलं. मग पदराखालचा हात बाहेर काढला. हातात पितळेचा गडू होता, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. तिनं गाठ सोडली. आत ओल्या फडक्याच्या घडीत, कापसाचा बोळा वर करून, लाल धाग्याची बाटली आरामात उभी होती.

"संग नेली होती," रुखमाबाई म्हणाली. "तुह्या पोट्टीनंच सांगितलं ना, बाकीचे सोसतात, हिले सोसत नाई? धडधाकट होते ते घरी ठेवले. आजारी लेकराले घरी टाकून कोणी लग्नाले जाते का?"

"मांडवात घेऊन बसली होती," सोमारी म्हातारी मागून म्हणाली. "जेवली बी मांडीवर गडू ठेवून. नवरदेवाकडचे विचारे, आहेराचं काय हाये त्याच्यात?"

बायका खो खो हसत सुटल्या. गिरजाबाईला हसावं की रुखमाबाईचे पाय धरावेत ते कळेना. तिनं बाटली गडूतून उचलली, हातात थंड लागली, तशीच पुन्हा ठेवली.

"पण तूच म्हणे का ह्या जीवानं तुह्या माणसाले खाल्लं म्हणून."

रुखमाबाईनं गडूचं फडकं पुन्हा बांधलं. बांधायला उगाच वेळ लावला.

"म्हणे मी," ती म्हणाली. "पण इतके दिवस हिले निववून राह्यली तवा मनात येते. माह्या माणसाले बी सोसत नव्हतं, बाई. घरचं, शेताचं, लोकायच्या बोलण्याचं, कायचंच सोसत नव्हतं. बाकीचे सोसतात, ह्याले काऊन नाई, म्हणून मी त्याच्यावर चिडो. मडके फोडो. त्याले सोसत नाई, हे मले कोणी सांगितलंच नाई." तिनं नाक पदरानं पुसलं. "सांगितलं असतं त त्यालेही जरा सावलीत ठेवलं असतं."

गिरजाबाईनं रुखमाबाईचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. सुकलूनं न सांगता आणखी एक घागर आणून दिली.

दुसऱ्या दिवशी रंजीता आली. कॉलेजात नवा फ्रिज आला होता. समाजमंदिरासमोर रीतसर बैठक बसली आणि माल मोकळा करायचा ठराव सगळ्यांनी हात वर करून पास केला. सुकलूनं तर दोन्ही हात वर केले. कोमट झालेल्या पांढऱ्या धाग्यांचं रंजीताला काहीच वाटलं नाही. "हळूहळू तापले ना, तयारी करून घेतली असन त्यायनं," ती हसून म्हणाली. मग तिनं गडू घ्यायला हात पुढे केला.

रुखमाबाईनं गडू दिला नाही.

"गाडीत लय गरम होते," ती म्हणाली. "तू तिकिटाच्या, बॅगाच्या भानगडीत राहशीन. हिचं फडकं कोण भिजवन?"

"काकू, मी नेते ना बरोबर."

"दोन वर्षं तू पाह्यलं. आता फ्रिज कुठी हाये, थंड हाये का नाई, ते मले पाहू दे. मंडळाची जबाबदारी हाये."

गिरजाबाईनं पोरीला डोळ्यानंच गप्प बसायला सांगितलं. आणि मग जन्मात कधी वडशापुढे न गेलेली रुखमाबाई लग्नातलंच लुगडं नेसून चंद्रपूरच्या गाडीत खिडकीशी बसली, मांडीवर गडू घेऊन, आणि शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा म्हणाली, "लेकरू हाये. गरमी सोसत नाई त्याले."